कंबर धरली की ‘एमआर’?

“कंबार धरलीया ओ. परवा दिल्ती तीच गोळी द्या की.”

कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला माझं मेडिकल होतं. २२ वर्षं त्या काउंटरमागे उभा राहिलो आणि हे वाक्य कानावर आलं नाही असा दिवस आठवत नाही. बोलणारा कधी फाउंड्रीत साच्यांच्या पेट्या उचलणारा असायचा, कधी शिरोलीहून माल घेऊन आलेला टेम्पोवाला, कधी पहाटे चार म्हशींचं शेण-धार उरकून गंगावेशीला दूध घालून आलेला गवळी. मी मागं न बघता हात घालायचो तो एकाच खणात. चिठ्ठी आहे का, असं विचारायचो का? नव्या गिऱ्हाइकाला विचारायचो, ओळखीच्याला नाही. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं स्वच्छ छापलेलं असतं, आणि ते वाचता येण्याइतकं शिक्षण माझं नक्कीच झालं होतं.

त्या गोळीत बहुतेक वेळा तीन औषधं असतात. एक सूज आणि दुखणं कमी करणारं, म्हणजे डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक. दुसरं पॅरासिटामॉल. तिसरं स्नायू सैल करणारं, ज्याला डॉक्टर मसल रिलॅक्संट म्हणतात: क्लोरझॉक्साझोन, टिझानिडीन, थायोकोल्चिकोसाइड यांपैकी एखादं. घेणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती ‘दुखायची गोळी’. कित्येक गोळ्यांच्या नावापुढं ‘एमआर’ ही अक्षरं असतात, ती मसल रिलॅक्संटची. मधुमेहाच्या गोळीपुढं तीच अक्षरं आली तर अर्थ वेगळा, तिथं ती गोळी हळूहळू विरघळते म्हणून एमआर. आणि बॅग घेऊन, टाय लावून दुपारी दुकानात येतो तो औषध कंपनीचा माणूस, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, तोही एमआरच. या तिसऱ्या एमआरमुळं पहिला एमआर किती खपला याचा हिशेब कुणी मांडला तर मला तो बघायला आवडेल. दहा स्ट्रिपांवर एक फुकट अशी स्कीम आली की माझा हात त्या खणाकडं जास्त वेळा जायचा, हे मी नाकारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कंबरदुखीच्या पहिल्या गोळीतून हे तिसरं औषध काढलं पाहिजे. ज्या रुग्णाला ते द्यावं असं डॉक्टरला वाटतं त्याला ते सुटं द्यावं, रात्री, तीन-चार दिवस, आणि झोप येईल हे सांगून. तिन्हीची मोट बांधून दिवसातून दोन-तीनदा देण्याला माझा विरोध आहे.

पहिली फसगत नावातच आहे. ‘स्नायू सैल करणारं’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते असं: पाठीत दोरीला पडावा तसा पीळ पडलाय आणि गोळी जाऊन तो उलगडते. गोळीला तुमच्या कंबरेचा पत्ता माहीत नसतो. ही औषधं काम करतात ती मेंदू आणि मज्जारज्जूवर. तिथं ती सगळ्याच हालचालींचा जोर थोडा उतरवतात आणि त्याबरोबर जागेपणाचाही. थेट स्नायूवर काम करणारं डॅन्ट्रोलीन नावाचं औषध आहे, पण ते अगदी वेगळ्या, गंभीर आजारांसाठी राखलेलं. टिझानिडीन आणि बॅक्लोफेन यांचीही खरी जागा दुसरी आहे. लकवा किंवा मज्जारज्जूच्या आजारानंतर हातपाय ताठ, आखडलेले राहतात तिथं ती उपयोगी पडतात. कंबर धरलेला माणूस त्यांच्या रांगेत नंतर येऊन उभा राहिला.

आता पुरावा. इथं जरा थांबावं लागेल, कारण ‘मला तर गुण आला’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि त्याच्याशी भांडायचं तर हातात काही तरी हवं.

२०२१ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या औषधांवरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा आला. त्यातल्या ३१ प्रयोगांचे, साडेसहा हजार रुग्णांचे आकडे एकत्र करून बघितले. ताज्या कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी, नुसत्या बिनऔषधी गोळीच्या तुलनेत, वेदना किती कमी केली? १०० गुणांच्या मापावर सुमारे ८ गुण. रुग्णाला फरक जाणवायचा तर निदान १० गुण तरी हवेत असं साधारण धरतात. चालणं, वाकणं, कामाला जाणं यांत जवळपास काहीच फरक नव्हता. त्रास मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त होता: गुंगी, चक्कर, डोकेदुखी, मळमळ. हा पुरावाही फार भक्कम नाही असं आढावा करणाऱ्यांनीच म्हटलंय. म्हणजे ते ८ गुणसुद्धा पक्के नाहीत.

एखादा डॉक्टर म्हणेल, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात ही औषधं ताज्या कंबरदुखीत उपयोगी ठरली होती. खरं आहे. त्रासही होतो, जपून वापरा, असं त्याच आढाव्यात होतं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनंही २०१७ च्या मार्गदर्शनात औषध द्यायचंच तर सूज कमी करणारं किंवा स्नायू सैल करणारं द्या असं म्हटलं. पण त्या कागदावर आधीची ओळ अशी होती की सुरुवात शेक, मालिश अशा बिनऔषधी उपायांनी करा. आणि त्या वाक्यातला ‘किंवा’ फार मोलाचा आहे. आपल्या गोळीत ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे.

म्हणून आपल्यासाठी खरा प्रश्न वेगळा. डायक्लोफेनॅकसारखं औषध चालू असताना वरून स्नायू सैल करणारं घातलं तर भर काय पडते? नेमकं हेच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या इमर्जन्सी विभागात एकाच गटातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तपासलं. २०१५ साली ३२३ रुग्ण. सगळ्यांना नॅप्रोक्सेन हे सूज कमी करणारं औषध दिलं. त्याशिवाय काहींना सायक्लोबेन्झाप्रिन हे स्नायू सैल करणारं, काहींना अफूच्या जातीचं तगडं औषध, काहींना नुसती बिनऔषधी गोळी. आठवड्यानं बघितलं तर हालचालीच्या २४ गुणांच्या मापावर बिनऔषधी गोळीवाले ९.८ नं सुधारले होते आणि सायक्लोबेन्झाप्रिनवाले १०.१ नं. एवढ्याशा फरकाला फरक म्हणत नाहीत. पुढं त्यांनी डायझेपाम घालून बघितलं, मग मेथोकार्बामॉल आणि ऑर्फेनाड्रिन, मग २०१९ मध्ये ३२० रुग्णांवर आयब्युप्रोफेनच्या जोडीनं टिझानिडीन, बॅक्लोफेन आणि मेटाक्सालोन. दर वेळी उत्तर तेच आलं: वरून घातलेल्या औषधानं काही कमावलं नाही. पायात कळ उतरणारे रुग्ण यांत घेतले नव्हते, हे सांगायला हवं. पण माझ्या काउंटरवर यायचे त्यांतले बहुतेक नुसती कंबर धरलेलेच असायचे.

बरं, क्लोरझॉक्साझोनचं काय? आपल्याकडं कंबरदुखीच्या गोळ्यांत ते फार जुनं आणि फार खपाचं. अमेरिकेत ते १९५८ साली मंजूर झालं. औषध गुणकारी असल्याचा पुरावा द्यायलाच हवा हा तिथला कायदा आला १९६२ मध्ये. त्यावरचे चांगले प्रयोग थोडे आणि बरेचसे जुने. क्वचित ते यकृताला गंभीर इजा करतं. काहींची लघवी तांबूस होते. त्यात धोका नसतो, पण असा एक पैलवान भल्या सकाळी माझ्या दारात पांढराफटक चेहरा घेऊन उभा होता, तो अजून आठवतो.

मग लोकांना गुण येतो तो कशानं? दिवस उलटल्यानं. ऑस्ट्रेलियात सिडनीभोवती १६०० हून जास्त रुग्णांवर पॅरासिटामॉलचा एक प्रयोग झाला, २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेमानं गोळी घेणारे निम्मे लोक १७ दिवसांत बरे झाले, लागेल तशी घेणारे १७ दिवसांत, आणि बिनऔषधी गोळी घेणारे १६ दिवसांत. ताजी कंबरदुखी बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत स्वतःहून ओसरते. माणूस मेडिकलच्या पायऱ्या चढतो तो दुखणं सगळ्यांत जास्त असताना, आणि तिथून ते उतरणारच असतं. उतारावर सोडलेल्या गाडीला धक्का मारणारा मी, आणि नमस्कार मला! ज्यांना गुण आला नाही ते सांगायला परत आले नाहीत, शेजारच्या दुकानात गेले.

गोळीनं जास्तीचं काही विकलंच असेल तर झोप विकली. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कूस बदलताना किंचाळणाऱ्या माणसाला एक रात्र झोप लागली तर ती काही कमी नाही. पण ती झोप सकाळी दहा वाजता का द्यायची? ‘एक-एक-एक’ असं चिठ्ठीवर लिहिलं जातं आणि सकाळची गोळी घेऊन माणूस भट्टीपुढं उभा राहतो, वितळलेलं लोखंड ओतायला. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला रात्री कारखान्याच्या रांगेत जागतो, दुपारी कंबरेची गोळी घेतो आणि पुन्हा रस्त्यावर येतो. दारूच्या बाटलीवर गाडी चालवू नका म्हणणारे आपण, या गोळीबरोबर ते कुणी सांगतं का? मी सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. अमेरिकेत वयस्कर रुग्णांसाठी टाळायच्या औषधांची एक यादी आहे, बीयर्स यादी म्हणतात तिला. तिच्यात या औषधांपैकी बरीचशी आहेत. कारण साधं आहे: रात्री लघवीला उठलेली सत्तरीची बाई गुंगीत पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. टिझानिडीन रक्तदाबही उतरवतं, त्यात ती आधीच बीपीची गोळी घेत असते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर टिझानिडीन मुळीच देऊ नये. दोन्ही एकत्र झाली की टिझानिडीनचा रक्तातला भार सुमारे दहापट होतो. सिप्रो आपल्याकडं जुलाबाला, लघवीच्या जळजळीला सर्रास दिली जाते. एका डॉक्टरनं जुलाबाला सिप्रो दिली, कंबरेची गोळी घरात आधीचीच शिल्लक, तिच्या नावात टिझानिडीन कुठं दिसत नाही, दिसतात नुसती दोन अक्षरं. मोटेत बांधलेल्या औषधाचा हाच धोका आहे, ते आहे हेच कळत नाही.

थायोकोल्चिकोसाइडची गोष्ट आपल्या डोंगरातली आहे. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या उतारावर किंवा राधानगरीच्या वाटेला झुडपांवरून लाल-पिवळ्या ज्वाळा वर आलेल्या दिसतात, ती कळलावी. तिच्या बियांतून निघणाऱ्या द्रव्यापासून हे औषध तयार करतात. तमिळनाडूत तिची शेती होते आणि ती त्या राज्याचं राज्यफूल आहे. वेल जहरी, बाळंतपणाच्या कळा लावणारी म्हणून कळलावी, असं जुनी माणसं नाव उलगडून सांगायची. आणि बघा, २०१३ साली युरोपच्या औषध नियामकानं याच औषधावर बंधनं घातली. पोटात घ्यायचं तर जास्तीत जास्त ७ दिवस, इंजेक्शन ५ दिवस, १६ वर्षांखाली नको, गरोदरपणात नको, अंगावर पाजताना नको, आणि मूल राहू शकेल अशा बाईला गर्भनिरोधक चालू नसेल तर नको. शरीरात त्याचा जो पदार्थ बनतो तो विभागणाऱ्या पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं अभ्यासांत दिसलं होतं. पाठीत उसण भरलेली तिशीतली बाई काउंटरवर आली तर ‘दिवस गेलेत का’ असं मी विचारत नव्हतो. आडोशाला विचारायचा प्रश्न आहे तो, चारचौघांत कसा विचारणार? मग औषध तरी चारचौघांत कसं दिलं?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्याला तुम्ही काय सांगणार, चार दिवस बस म्हणून? खाडा झाला तर पैसे कोण देणार? उचल कशी फिटणार? हा आक्षेप मला पटतो, आणि गोळीच्या बाजूनं तो जेवढा बोलतो त्याहून जास्त विरुद्ध बोलतो. एक तर बसणं हा उपाय नाहीच. हेलसिंकीत १९९५ साली झालेल्या प्रयोगात अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा आणि पाठीचे व्यायाम करायला लावलेल्यांपेक्षाही, झेपेल तेवढं रोजचं काम करत राहिलेले लवकर सावरले. पण ‘झेपेल तेवढं’ ही मुभा फडात नसते. टनावर पैसे मिळणाऱ्या माणसाला हलकं काम म्हणून काही नसतंच. मग गोळी काय करते? दुखणाऱ्या पाठीला तसंच कामाला जुंपते, वर डोळ्यांवर झापड आणते. फळीवर डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या माणसाला झापड येणं, हे ज्यानं ती फळी बघितलीय त्याला वेगळं सांगायला नको. ती मजुरीची, मुकादमाची आणि कारखान्याची गोष्ट आहे. मेडिकलवाल्यानं दहा रुपयांत ती मिटवायला जाऊ नये.

जुनाट कंबरदुखी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेली, तिच्याबद्दल तर फारसा वादही उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा यावर मार्गदर्शन काढलं. दहातल्या नऊ जणांच्या दुखण्याला नेमकं एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही, असं तीच संघटना म्हणते. व्यायाम, समजावून सांगणं, मालिश, मनाचा आधार, लागलंच तर सूज कमी करणारी औषधं, हे करा म्हटलंय. नको असलेल्यांच्या यादीत अफूजन्य औषधं, कंबरेचे पट्टे, वजनं लावून ताणणं आहे, आणि स्नायू सैल करणारी औषधंही. पट्टे मी किती विकले त्याचा हिशेब आज काढत नाही.

एमआरआयचंही असंच, पण ते थोडक्यात. ज्यांना पाठदुखी नाहीच अशा लोकांचे एमआरआय बघितले तर विशीतल्या ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, फुगलेली दिसते. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे ऐकून माणूस घाबरला की गोळ्या दोनच्या चार होतात.

याचा अर्थ कुठल्याही कंबरदुखीकडं दुर्लक्ष करा असा कुणी घेऊ नये. लघवी तुंबली किंवा आपोआप व्हायला लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आधी झालेला कर्करोग असेल तर वाट बघू नये. आपल्याकडं मणक्याचा टीबी अजून होतो. ‘एमआर’ घेऊन महिना काढणाऱ्यांतले काही यातले असतात. सूज कमी करणारं औषधही काही गंगाजल नाही. पोटात जखम, मूत्रपिंडावर ताण, हृदयाच्या रुग्णाला धोका, हे सगळं आहेच. म्हणूनच तेही दोन-चार दिवसांपुरतं.

सरकारला हे जमण्यासारखं नाही असं कुणी म्हणू नये. अनेक औषधांची मोट बांधलेल्या गोळ्यांवर मार्च २०१६ मध्ये ३४४, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ अशी बंदी आलेली आहे, कोर्टकज्जे होऊन का होईना. कंबरदुखीच्या तीन-औषधी गोळ्यांचा तसाच हिशेब मागावा: तिसऱ्या औषधानं काय भर पडते ते दाखवा, नाही तर सुटं विका. तोवर निदान पाकिटावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत, ‘झोप येते, गाडी-मशीन चालवू नका’ एवढं तरी छापावं. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बसवावा. शाहूवाडीच्या माणसानं कंबर धरून एसटीनं कोल्हापूरला यायचं, हा कसला उपचार? डॉक्टरांकडून मी फक्त दोन मिनिटं मागतो. ‘हे दोन-तीन आठवड्यांत जाईल, हिंडत राहा, शेक घ्या, अमुक झालं तर लगेच या’ एवढं बोलायला तेवढी पुरतात. पण रांगेत चाळीस जण असले की चिठ्ठीवर एक ओळ वाढवणं त्याहून लवकर होतं, हे मला कळतं.

दुकान आता पुतण्या बघतो. मागच्या दिवाळीत पाण्याचा जार उचलताना माझीच कंबर धरली. खण समोर होता. मी दोन दिवस सूज कमी करणारी गोळी जेवणानंतर घेतली, बायकोनं गरम पाण्याची पिशवी दिली, आणि रंकाळ्यावर गोगलगायीसारखा हिंडत राहिलो. अकराव्या दिवशी वाकून चपलेत अंगठा घालता आला. पुतण्या म्हणाला, “काका, हे गिऱ्हाइकाला सांगायला मला वेळ लागतो.” मी म्हटलं, सांगून तर बघ. त्यानं महिनाभर बघितलं. चिठ्ठी नसलेल्यांना तो समजावायचा, तिसरं औषध नको म्हणायचा. बरेच जण ऐकून घेतात, मान डोलावतात, “बरं हाय की” म्हणतात आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये जातात.